कांडी काय खाते

वेस्टेज सुताच्या पोत्यात सापडली,
म्हणून नाव कांडी.
दोन महिन्यांची, डॉक्टर दात बघून म्हणाले.
उन्हात उभी राहिली की फासळ्या मोजता येतात,
मागाच्या फणीचे दाते जसे.

पहिल्या रात्री आम्ही दूध दिलं.
पिल्लू म्हणजे दूध, एवढीच आमची अक्कल.
सकाळी मोराची सेकंड माल चादर
चारी कोपऱ्यांनी धुवावी लागली.

मग विडी घरकुलची अख्खी गल्ली आली.
मेरगू मामा म्हणाले, शेंगाचटणी चार,
कुत्रं तिखट निघतं.
अंबुबाई म्हणाल्या, चहात खारी बुडव.
खाटकाचा इरफान: हाडं घेऊन जा की बे, फुकट हायेत.
भाऊ दुकानात पाकीट बघून आला.
पाकिटावरच्या कुत्र्याची कातडी
आमच्या घरातल्या कुठल्याही माणसाहून चकचकीत.
किंमत, आईच्या भाषेत,
तीन हजार विड्या.

बिराजदार डॉक्टरांनी लसीच्या कार्डामागे लिहून दिलं:
दूध बंद.
दिवसातून चारदा, थोडं थोडं.
मऊ भात, उकडलेलं अंडं, दुधी.
कोंबडी जमली तर हाड काढून,
शिजलेलं हाड आत सुईसारखं फुटतं.
कांदा नाही, लसूण नाही, द्राक्षं-बेदाणे नाहीत.
म्हणजे मामांची चटणी गेलीच.
कॅल्शियमची बाटली मात्र घ्या.
आणि पाकीट? मी विचारलं.
चांगलं असतं, म्हणाले, परवडेल तेव्हा मिसळा,
एकदम बदलू नका.

मग त्यांची नजर आईच्या बोटांवर गेली.
विड्या वळता?
आईनं पदराखाली हात घेतले.
तंबाखू हिला विष आहे, डॉक्टर म्हणाले, अगदी सावकाश.
सूप उंचावर ठेवा.
भरवायच्या आधी हात साबणानं धुवा, नीट.

रिक्षात आई बोलली नाही.
अशोक चौक गेला, पुढचा सिग्नल गेला.
कांडी तिच्या मांडीवर नाही, माझ्या मांडीवर.

आता आई तीनदा हात धुते,
बोटं नाकाला लावते,
चौथ्यांदा धुते,
आणि मग भात कुस्करते.
कांडी एकेक बोट चाटून काढते,
शेवटी करंगळी.

याच बोटांनी आम्ही तिघं वाढलो.
सूप मांडीवर, एका हातात पान,
दुसऱ्या हाताचा घास आमच्या तोंडात.
पहिला घास कडू असायचा.
भात कडूच असतो असं मला वाटे.
चौथीत असताना गुंडेटीच्या घरी पहिल्यांदा जेवले
आणि मनात आलं,
यांच्या भातात काहीतरी कमी आहे.

हे मी आईला कधी सांगितलेलं नाही.
परवा तीच म्हणाली, भांड्यात बघत,
तुमच्या वेळी कुणी लिहून दिलं नाही.

शनिवारी कारखान्यात माल द्यायला जाताना
कांडीला पिशवीतून नेलं.
चेकरनं विड्यांच्या काट्यावर तिला बसवलं,
कान उलटून बघितले, शेपटी उचलली,
तीन किलो दोनशे, म्हणाला,
ह्यात छाट काही निघत नाही.
आई हसली. त्या काट्यापाशी
मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

दात शिवशिवतात म्हणून हल्ली कडक भाकरीचा तुकडा देतो,
बिनमिठाचा. डॉक्टरांना विचारून.
उंबऱ्यात बसून ती तो
खटक, खटक, फोडते.
शेजारचे माग बंद पडले त्यालाही दोन वर्षं झाली,
गल्लीला पुन्हा थोडा आवाज आला.

काल टॉवेलच्या युनिटवरून उशिरा घरी आले.
तिन्नावा? आईनं विचारलं.
जेवलीस का, याला तेलुगूत एवढाच शब्द.
नाही, म्हटलं.
ती ताटाकडे वळली, थांबली,
आणि मोरीत गेली.
बराच वेळ साबणाचा आवाज येत होता.
मी एकतीस वर्षांची.
कांडी आणि मी,
दोघी भिंतीला टेकून बसून राहिलो.